पाइपचा आवाज आणि वाऱ्याचा आवाज: ६५० सीसी बाइकवरच्या एका जोडप्याचं प्रकरण

आमच्या रायडिंग ग्रुपमधल्या एका जोडप्याच्या संमतीने हे प्रकरण लिहितो आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मोजमापाच्या वेळी मी सोबत होतो. निर्णय त्यांचे आहेत, त्यावरची मतं माझी.

पार्श्वभूमी

समीर चाळिशी ओलांडलेला, कोथरूडला एका जुन्या सोसायटीत राहतो. कॉलेजपासून बाइकवर फिरणारा. मेघना लग्नानंतर मागच्या सीटवर आली आणि आता रस्ता, मुक्काम, जेवणाची ठिकाणं तीच ठरवते. त्यांचा नेहमीचा मार्ग म्हणजे पुणे, सातारा, कोल्हापूर, मग आंबोली घाट उतरून सावंतवाडी. कोल्हापूरपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर चौपदरी महामार्ग, पुढे दुपदरी रस्ता आणि घाट. चहा-नाश्ता धरून जवळजवळ अख्खा दिवस जातो आणि त्यातले सात-आठ तास प्रत्यक्ष सीटवर.

बाइक ६५० सीसीची, दोन सिलिंडर शेजारी शेजारी असलेली, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. मूळ सायलेन्सर जड आणि शांत. समीरला तो आवाज पहिल्यापासून पुचाट वाटायचा. ‘एवढी मोठी गाडी आणि शिवणयंत्रासारखी चालते’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एका गॅरेजमध्ये त्याने स्लिप-ऑनची जोडी बसवून घेतली. स्लिप-ऑन म्हणजे इंजिनापासून येणारा बेंड पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलायचा. गॅरेजवाल्याने डीबी किलर, म्हणजे डब्याच्या तोंडात बसणारी आवाज दाबणारी नळी, काढून दिली आणि सांगितलं की असाच ठेवा, हिच्यात मजा नाही. मूळ सायलेन्सर बदल्यात घेऊन तेवढे पैसे कमी केले. निवड अशी झाली: बाइक स्टँडवर, गियर न्यूट्रलला, मूठ पिळून पाच-सात मिनिटं आवाज ऐकला आणि पसंत केला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता, आणि तो घेताना कुणालाच तो मोठा वाटला नाही. उभ्या गाडीवर मूठ पिळल्यावर येणारा आवाज वेगळा असतो. वरच्या गियरमध्ये, मागे माणूस आणि सामान घेऊन, एकाच आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांवर, दोन तास चालणारा आवाज वेगळा असतो. लांब पल्ल्याच्या माणसाला या दुसऱ्या आवाजासोबत राहायचं असतं.

अडचण

तक्रारी तीन दिशांनी आल्या.

पहिली मेघनाकडून. आधी तिला प्रवासात झोप यायची, आता साताऱ्याच्या पुढे डोकं जड व्हायला लागलं. ‘मला मागे बसून ना तू ऐकू येतोस, ना इंटरकॉम. फक्त एक घूंऽऽ. छातीत बसतं ते,’ असं ती म्हणाली. समीरला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला पुढे बसून तेवढं जाणवत नव्हतं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. चालवणारा त्या आवाजाच्या पुढे बसतो आणि मागचा माणूस जवळजवळ त्याच्यावर.

दुसरी सोसायटीतून. लांबच्या राइडला पहाटे पाचच्या आत निघायचं हा आपल्याकडचा रिवाज, शहराची गर्दी चुकवायला. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल. खालच्या मजल्यावरचे काका हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आले होते. त्यांनी भांडण केलं नाही. जिन्यात थांबवून एवढंच म्हणाले, ‘समीर, तू निघालास की मला कळतं रे. मग सहापर्यंत झोप नाही.’

तिसरी तक्रार समीरच्या स्वतःच्या कानांची. गोव्याहून परतल्यावर रात्री कानात बारीक शिट्टी वाजत राहिली, टीव्हीचा आवाज वाढवावा लागला. सकाळपर्यंत बरं वाटलं. पुढच्या मोठ्या राइडनंतर पुन्हा तेच, आणि या वेळी शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली.

समीरने तिन्ही तक्रारींचं एकच कारण धरलं: पाइप. तो बदलला की सगळं मिटेल. मेघनाचंही तेच मत. मला शंका होती ती तिसऱ्या तक्रारीबद्दल. साधारण ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज वरचढ व्हायला लागतो. पाइप शांत करून काका झोपले असते, मेघनाचं डोकं हलकं झालं असतं, आणि समीरचे कान तसेच झिजत राहिले असते.

मोजमाप

म्हणून आधी मोजायचं ठरलं. ग्रुपमधला एक जण ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याच्याकडचा कॉलरला लावायचा छोटा माइक हेल्मेटच्या आत कानाजवळ चिकटवला, रेकॉर्डर खिशात ठेवला. तुलनेसाठी ग्रुपमधल्याच दुसऱ्याची तशीच बाइक घेतली, मूळ सायलेन्सरवाली. रस्ता तोच, वेग महामार्गावर दुचाकीला असलेल्या मर्यादेइतका, म्हणजे ताशी ८०.

समीरच्या कानाजवळ दोन्ही बाइकवर ९१-९२ डेसिबल(ए) भरले. फरक जेमतेम एकाचा. समीर गप्प झाला. इतक्या महागाच्या पाइपने त्याच्या कानापाशी जवळजवळ काहीच वाढवलं नव्हतं, आणि मूळ सायलेन्सरवरही आकडा तोच होता. म्हणजे तो वारा होता.

या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे: ८५ डेसिबल(ए)ला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन तास. समीर सात-आठ तास बसत होता. म्हणजे दिवसभराचा कोटा कराडच्या आसपासच संपत होता, आंबोली तर अजून लांबच.

मग मेघनाची तक्रार खोटी होती का? मुळीच नाही, आणि इथे बहुतेक लोक फसतात. डेसिबलमधला तो ‘(ए)’ कानाच्या स्वभावाप्रमाणे खर्जातले आवाज कमी धरतो. ६३ हर्ट्झच्या आसपास तो तब्बल २६ डेसिबल वजा करतो. या बाइकचं इंजिन वरच्या गियरमध्ये ८० च्या वेगाला साधारण ३,२०० आरपीएमवर चालतं. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दोन सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला सरासरी एक फायरिंग, म्हणजे सेकंदाला ५३-५४ धक्के, ५३-५४ हर्ट्झ. मेघनाची ‘घूं’ तिथेच होती, नेमकी जिथे ए-माप आंधळं होतं. मागच्या सीटवरचं रेकॉर्डिंग सी-मापात पाहिलं, जे खर्जाला फारसं कापत नाही, तेव्हा दोन बाइकमधला फरक ठळक दिसला. मोबाइलवरची फुकट ॲप बहुधा ए-माप दाखवतात आणि मोबाइलचा माइकही खर्जात कच्चा असतो. ‘मी मोजलं, काही फरक नाही’ असं एखादा रायडर बायकोला सांगतो, तेव्हा त्याचा आकडा बरोबर असू शकतो आणि बायकोही.

शेवटी बाहेरचा आवाज. उभ्या गाडीच्या चाचणीसारखं, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत माइक, इंजिन ३,६०० आरपीएमवर. मूळ सायलेन्सर ८७ च्या आसपास, समीरचा १०१. चौदा डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीची ऊर्जा सुमारे २५ पट. काकांची झोप या आकड्यात होती.

गॅरेजवाल्यांच्या एका युक्तिवादाबद्दल इथेच सांगतो. ‘कायद्यात ८० आहे आणि लांबून मोजलं तर आपला त्याच्या आतच येतो’ असं ते म्हणतात. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठीची ८० डेसिबल(ए)ची मर्यादा ही निर्मितीच्या वेळची चाचणी आहे. त्यात गाडी पूर्ण मूठ पिळून माइकसमोरून जाते आणि माइक तिच्या वाटेपासून ७.५ मीटरवर असतो. अंतर वेगळं, इंजिनावरचा भार वेगळा. अर्ध्या मीटरवरचा आकडा घेऊन अंतराचं गणित केलं आणि गाडी पास झाली, असं होत नाही.

पर्याय

आता प्रश्न दोन झाले होते आणि प्रत्येकाचे पर्याय वेगळे.

पाइपसाठी पहिला पर्याय: आहे तोच ठेवायचा, डीबी किलर परत बसवायचा आणि आतलं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, नव्याने भरायचं. खर्च सगळ्यात कमी. समीरचा कल इकडे होता. करून पाहिलं तेव्हा वरचा कर्कशपणा गेला, कानाला सुखद झाला, पण खर्जातली घूं थोडीच कमी झाली. हे साहजिक आहे. ग्लासवूल वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषतं. खर्जासाठी डब्यात जागा लागते, कप्पे लागतात. कंपनीचा सायलेन्सर मोठा आणि जड असतो तो यासाठीच. आतून सरळ जाणाऱ्या छोट्या डब्याकडून ते काम होत नाही.

दुसरा: युरोपातली ई-मार्क मान्यता असलेला महागडा स्लिप-ऑन. हे पाइप खरोखर चांगले असतात. पण तिथली मान्यता ही इथली मान्यता नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वाहन वेगळं ठरेल असा बदल करता येत नाही. आणि आवाज-प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२)खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं पुणेकरांनी पाहिली आहेत. पाइपवरचा युरोपचा शिक्का नाक्यावर वाचून दाखवण्याची वेळ येऊ नये, असं मेघनाचं मत पडलं.

तिसरा: मूळ सायलेन्सर परत.

समीरचा शेवटचा आक्षेप सुरक्षेचा होता: आवाज असला की ट्रकवाला बाजू देतो. मला हा मुद्दा मान्य नाही. पाइपचं तोंड मागे आहे आणि धोका बहुतेक वेळा पुढून किंवा बाजूच्या फाट्यावरून येतो. काचा वर केलेल्या केबिनमध्ये, स्वतःच्या डिझेल इंजिनाच्या घरघरीत बसलेल्या ड्रायव्हरला आपण शेजारी पोहोचेपर्यंत आपला आवाज कळत नाही. हॉर्न, दिवा आणि त्याच्या आरशात दिसेल अशी जागा, यांवर भरवसा ठेवावा.

कानासाठीचे पर्याय: हेल्मेट बदलणं, बाइकची समोरची काच (विंडस्क्रीन) सुधारणं, इअरप्लग वापरणं आणि वेग कमी करणं. समीरला हेल्मेट घ्यायचं होतं, कारण नवीन वस्तू घेण्यात आनंद असतो. आम्ही क्रम उलटा सुचवला. आधी सर्वांत स्वस्त गोष्ट, आधी इअरप्लग.

काय केलं

मूळ सायलेन्सर गॅरेजकडे उरले नव्हते. पण वापरलेले मूळ सायलेन्सर बाजारात भरपूर मिळतात, कारण पुष्कळ लोक ते काढून विकतात. समीरला बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्याच, आपल्या वर्षाच्या मॉडेलची जोडी मिळाली. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, सांध्याजवळ गंज किंवा तडा आहे का, आणि बसवायच्या पट्ट्या वाकलेल्या आहेत का. बसवताना गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी चकती, नवीन घातलं. जुनं गॅस्केट गळलं की मूठ सोडल्यावर फटाके वाजतात आणि माणसाला वाटतं सायलेन्सरच खराब निघाला.

समोरच्या काचेची चाचणी अशी केली: मोकळ्या सरळ रस्त्यावर, मेघना सोबत नसताना, ५०-६० च्या वेगाला समीर फूटपेगवर थोडा उभा राहिला. उभं राहिल्यावर आवाज घटला. म्हणजे काच वारा थांबवत नव्हती, फाटलेला भोवरेदार वारा नेमका हेल्मेटच्या कपाळावर फेकत होती. उंच काच घ्यायची असा सगळ्यांचा पहिला अंदाज. आधी आहे ती काच काढून पाहिली, तर छातीवर वारा वाढला पण कानापाशी शांतता आली. मग ब्रॅकेटमध्ये वॉशर घालून तीच काच थोडी खाली आणि पुढे झुकवली, खालून हवेला फट ठेवली. समीरच्या उंचीला ते जमलं. दुसऱ्या उंचीच्या माणसाला कदाचित उलटं करावं लागेल.

इअरप्लगने आधी त्रास दिला. फोमचे प्लग समीर नुसते कानात खुपसायचा आणि हेल्मेट चढवताना ते निम्मे बाहेर यायचे. रीत अशी आहे: प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. मेघनाला नेहमीचा आकार मोठा झाला, डाव्या कानात दुखायचं. तिच्यासाठी लहान आकाराचे घेतले. पाकिटावर किती डेसिबल घटतील याचे तीसच्या वरचे आकडे असतात, प्रत्यक्षात पंधरा-वीस डेसिबल जरी घटले तरी ९१ चे पंचाहत्तरीत येतात, आणि तेवढं पुरे.

हॉर्न ऐकू येईल का, ही तिची भीती होती. येतो. प्लग सगळंच खाली आणतात, हॉर्नही आणि हॉर्नला झाकणारा वाराही. उलट इंटरकॉमचा आवाज निम्म्यावर आणता आला. आधी वाऱ्यावर मात करायला तो इतका वाढवलेला असायचा की कानावरचा भार आणखीच वाढत होता.

हेल्मेट सगळ्यात शेवटी बदललं. आयएसआय शिक्क्याचंच, पण गालाच्या गाद्या घट्ट आणि हनुवटीखाली कापडी पडदा असलेलं. फरक पडला, पण प्लगच्या मानाने थोडा.

सोसायटीसाठी वेगळं काही लागलं नाही. मूळ सायलेन्सरवरही समीर आता पहाटे गाडी ढकलत फाटकाबाहेर नेतो आणि तिथे सुरू करतो. काकांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं.

काय निष्पन्न झालं

मेघनाची डोकेदुखी पहिल्याच कोकण फेरीत थांबली. मागे बसून झोपही परत आली, हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, पाठीमागे डुलकी घेणं धोक्याचंच. तिच्यासाठी थांबे वाढवले.

घाटात एक अनपेक्षित फायदा झाला. दोघं आणि सामान घेऊन चढावर खालच्या आरपीएमला गाडी अधिक सहज ओढते, असं समीर सांगतो. मोजलेलं नाही, पण शक्य आहे. गॅरेजमध्ये याला ‘बॅक प्रेशर लागतं’ म्हणतात. खरं पाहता कोंडलेल्या दाबाचा इंजिनाला काही उपयोग नसतो. पाइपची लांबी आणि डब्याचं आकारमान यांवर दाबाच्या लहरी व्हॉल्व्हपाशी कधी परततात हे ठरतं, आणि कंपनीने इंधनाचं गणित त्या मूळ डब्याला धरून बसवलेलं असतं.

कानातली शिट्टी राइडनंतर आता येत नाही. पण समीरने कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख, काढला, तेव्हा दोन्ही कानांत ४,००० हर्ट्झला खळगा दिसला. आवाजाने झालेली इजा बहुधा तिथेच आधी उमटते, आणि आतल्या कानातल्या गेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. हा खळगा बाइकचा का? डॉक्टरांनी तसं म्हणायला नकार दिला. समीर कितीतरी वर्षं ढोल-ताशा पथकात होता, गणपतीच्या आधी नदीकाठी रोज संध्याकाळी सराव. कोणत्या आवाजाचा वाटा किती, हे आता कुणालाच वेगळं करता येणार नाही. पथकातल्या मुलांना त्याने प्लगची खोकी नेऊन दिली.

गमावलं काय, हेही लिहायला हवं. समीरला तो आवाज खरोखर आवडायचा. मूठ पिळल्यावर अंगावर येणारी ती थरथर आता नाही. जवळच्या रविवारच्या फेरीत त्याला ती आठवते, असं तो अजूनही म्हणतो, आणि त्याचं ते वाटणं खरं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑडिओग्राम आधी काढायला हवा होता, स्लिप-ऑन घेण्याच्याही आधी. मग तुलनेला काहीतरी हातात असतं. तो काढताना आधीचे किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहावं, नाहीतर तात्पुरता थकलेला कान कायमचा बिघडलेला दिसतो.

पाइप घेण्याआधी तसाच पाइप असलेल्या कुणाच्या तरी गाडीवर, मागे माणूस बसवून, नेहमीच्या वेगाला तासभर जायला हवं होतं. आणि मत मागच्याचं घ्यायचं. ग्रुपमध्ये अशी गाडी होती, विचारलं असतं तर मिळाली असती.

मूळ सायलेन्सर बदल्यात देणं टाळता आलं असतं. ते माळ्यावर जागा अडवतात हे खरं, पण पोलिसांनी गाडी अडवली, विक्रीची वेळ आली किंवा मन बदललं, तर परतीची वाट तेवढीच असते.

सी-मापाचं मोजमाप पहिल्याच दिवशी केलं असतं तर मेघनाला स्वतःची तक्रार सिद्ध करत बसावं लागलं नसतं. आकडा मिळेपर्यंत तिचं म्हणणं ‘सवय नाही’ म्हणून बाजूला पडत राहिलं, आणि तेवढ्या काळात ती दोनदा राइडला आलीच नाही.

एका प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही: काढलेल्या स्लिप-ऑनचं काय करायचं. विकला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी सोसायटीत पहाटे वाजणार. समीर म्हणतो पैसे गुंतले आहेत. मेघना म्हणते भंगारात दे. सध्या दोन्ही डबे गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहेत.